वाचलेले पाणी कोणाचे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



दुष्काळी भागातील फळबागा आणि ठिबक सिंचन हा विषय अभ्यासवर्गाच्या कार्यक्रमात पाहून काहींना नवल वाटले असेल. नळ्या, तोट्या आणि गाळण्या हा कृषी खात्याच्या मेळाव्याचा आणि विक्रेत्याच्या दुकानाचा विषय. समाजवादी चळवळीचा त्याच्याशी संबंध काय, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. चळवळीत या बाबतीत दोन प्रकारची मते आढळतात. एक मत असे, की ठिबक हे बागाईतदाराचे खेळणे असून त्यावरील अनुदान म्हणजे संपन्नांना वाटलेली खिरापत होय. दुसरे मत याच्या नेमके उलट: ठिबक आले की पाणी वाचते, पाणी वाचले की दुष्काळ हटतो, तेव्हा गावोगाव ठिबक करा म्हणजे झाले. ही दोन्ही मते सोयीची आहेत, कारण दोन्हींमुळे विचार करण्याचे कष्ट वाचतात. पाणी मात्र दोहोंपैकी एकानेही वाचत नाही.

आधी तंत्र नीट समजून घेतले पाहिजे. पाटाने पाणी देताना आळी भरतात, पण त्याबरोबर दोन झाडांमधली मोकळी जमीनही भिजते. तिच्यावर तण माजते, उन्हाने तिची ओल उडून जाते, आणि काही पाणी मुळांच्याही खाली झिरपते. ठिबकाच्या तोटीतून तासाला २, ४ किंवा ८ लिटर इतकेच पाणी झाडाच्या बुडाशी पडते. मुळांभोवती ओल आणि हवा यांचा मेळ, म्हणजे शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो तो, सतत टिकून राहतो. मोसंबीची लागवड ६ मीटर बाय ६ मीटरवर असली तर हेक्टरात सुमारे २७७ झाडे बसतात. पहिली तीन-चार वर्षे या झाडांची सावली जमिनीचा अगदी थोडा भाग व्यापते, आणि पाटाने दिलेले बहुतेक पाणी रिकाम्या जमिनीला पाजले जाते. म्हणून ठिबकाची खरी बचत बाग लहान असताना होते. बाग वयात आली, झाडांची पाने एकमेकांना भिडू लागली, की बचत कमी होते. कारण आता झाडच पानांवाटे पाणी सोडत असते, आणि तोटी कितीही बारीक केली तरी झाडाची तहान बारीक होत नाही. विक्रेत्याच्या फलकावर हे वाक्य कधी लिहिलेले नसते.

ठिबकाने पाण्याइतकेच श्रमही वाचतात, याकडे शहरी टीकाकाराचे लक्ष जात नाही. शेतीपंपाची वीज पाळीपाळीने मिळते आणि तीही पुष्कळदा रात्री. थंडीच्या दिवसांत मध्यरात्री चिखलात उभे राहून दारे धरणे काय असते, हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक. विंचूकाटा आणि साप यांची धास्ती वेगळीच. नळ्या अंथरल्या की हे काम एका चावीवर येते. उन्हाळ्यात रोपे जगवण्यासाठी घागरीने पाणी वाहणे हे तर बहुधा बाईच्या वाट्याला आलेले काम. तिच्या डोक्यावरची घागर ज्या साधनाने उतरते त्या साधनाला खेळणे म्हणणे हा अविचार आहे. ठिबकाची मूळ कल्पना काही परदेशातून आलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. मडक्याच्या बुडाला भोक पाडून, त्यात चिंधीची वात घालून ते रोपाशेजारी पुरायचे, ही युक्ती आपल्या माळरानावर जुनी आहे. चीनमधील दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका शेतीग्रंथातही मातीची मडकी पुरून वेलींना पाणी देण्याची रीत नोंदलेली आहे.

आजचे प्लास्टिकचे ठिबक उभे राहिले ते इस्रायलमध्ये. सिम्हा ब्लास या पाणीपुरवठा अभियंत्याने १९३० च्या दशकात गळक्या नळाशेजारी भरभरून वाढलेले एक झाड पाहिले. पुढे प्लास्टिक स्वस्त झाल्यावर १९५० च्या दशकाअखेर त्याने प्रयोग केले, आणि १९६५ साली नेगेव वाळवंटातील हात्सेरिम या किबुत्सबरोबर त्याने उत्पादनाचा करार केला. किबुत्स म्हणजे जमीन, अवजारे आणि उत्पन्न सामाईक असलेली वसाहत. ज्या साधनाची आज खाजगी बागाईताशी सांगड घातली जाते, त्याचा पहिला कारखाना सामुदायिक मालकीचा होता. तीच कंपनी २०१७ च्या सौद्याने बहुतांशी एका मेक्सिकन उद्योगसमूहाच्या मालकीची झाली, हाही इतिहासाचाच भाग. साधन एकच राहिले, मालकी बदलली; आणि मालकीबरोबर साधनाचे प्रयोजनही बदलते.

महाराष्ट्रात १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ठिबकाचा प्रसार सुरू झाला. जळगावच्या केळीत, नाशिक-सांगलीच्या द्राक्षांत, सोलापूरच्या डाळिंबात तो रुजला. १९९० साली फळबाग लागवड रोजगार हमी योजनेशी जोडली गेली आणि माळावर झाडे उभी राहिली. सांगोला, आटपाडी, जत यांसारख्या तालुक्यांत बाजरी-मटकीवर कसेबसे वर्ष काढणाऱ्या घरांतली पोरे डाळिंबाच्या जोरावर शिकली, घरांवर पत्रे जाऊन स्लॅब पडले. जालना जिल्ह्यातील कडवंचीने आधी पाणलोटाची कामे केली आणि मग ठिबकावर द्राक्षे घेतली. त्या गावाची अवस्था पालटली. हे सारे मान्य करूनच पुढे बोलावयाचे आहे. पक्षाच्या कार्यकर्त्याने कोरडवाहू शेतकऱ्याची भरभराट पाहून नाक मुरडण्याचे काही कारण नाही.

प्रश्न निराळा आहे, आणि तो समजण्यासाठी झाडाकडेच वळावे लागते. मोसंबी आणि डाळिंब या झाडांना शेतकरी बहार धरतो. झाडाचे पाणी तोडून त्याला ताण द्यायचा, पाने गळू द्यायची, आणि मग पाणी सोडून फुलोरा आणायचा. बहार तीन: जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा आंबे बहार, पावसाच्या तोंडावरचा मृग बहार, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त बहार. मृग बहारात फुलोऱ्याला पावसाचे पाणी मिळते आणि ऐन उन्हाळ्यात झाड ताणावर असते. म्हणजे विहीर जेव्हा आटते तेव्हा झाडही फारसे मागत नाही. आंबे बहाराचे नेमके उलट. फळ एप्रिल-मे महिन्यांत झाडावर वाढत असते आणि पाण्याची मागणी सर्वांत मोठी असते तेव्हाच जमिनीतला साठा सर्वांत लहान असतो. मग शेतकरी आंबे बहार का धरतो? काही ठिकाणी फुलोरा या बहारात खात्रीने येतो म्हणून. डाळिंबात पावसाळी हवेत तेल्या रोगाचा धोका वाढतो म्हणून. आणि पुष्कळ ठिकाणी बाजारभाव व व्यापाऱ्याची मागणी पाहून. वैयक्तिक हिशेबात त्याचे काही चुकत नाही. पण तीस शेतकऱ्यांनी मिळून तोच हिशेब केला की गावाची विहीर फेब्रुवारीतच तळ गाठते.

आकडेमोड साधी आहे. मेच्या उन्हात मोसंबीच्या मोठ्या झाडाला रोज १०० लिटर पाणी धरले, तर २७७ झाडांच्या एका हेक्टराला ते दिवसाला २७,७०० लिटर होते, आणि तेही ठिबकाने, काटकसर करून. २०१९ च्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटरचे प्रमाण धरले आहे. म्हणजे एका हेक्टर बागेचे एका दिवसाचे पाणी ५०० माणसांच्या गावाचे एका दिवसाचे पाणी होय. झाडे उपटून टाका असा याचा अर्थ नाही. अर्थ इतकाच, की बाग आणि घागर एकाच साठ्यातून भरतात.

आता वाचलेल्या पाण्याचे काय होते ते पाहू. दोन एकर बाग पाटावर होती. ठिबक आले आणि निम्मे पाणी उरले. उरलेले पाणी विहिरीत राहिले का? बहुधा नाही. शेतकऱ्याने आणखी दोन एकर लावली. त्याच्या जागी कोणीही तेच करील. कर्ज काढून नळ्या आणलेल्या माणसाला विहिरीत पाणी साठवून ठेवण्याची चैन परवडत नाही; शिवाय आपण उपसले नाही तर शेजारी उपसणार, हे त्याला पक्के ठाऊक असते. दख्खनच्या काळ्या पाषाणाला पोट लहान आहे. भेगांत आणि कुजलेल्या थरात मावेल तेवढेच पाणी तो धरतो, आणि ते सर्वांच्या विहिरींना मिळून असते. पाटाने दिलेल्या पाण्यातून जे खाली झिरपत होते ते पुष्कळदा शेजाऱ्याच्याच विहिरीला लागत होते. ठिबकाने तेही थांबते. मालकाच्या दृष्टीने ती बचत. शेजाऱ्याच्या दृष्टीने ती आटलेली झिरप. यंत्र काटकसरी झाले की कोळसा कमी जळण्याऐवजी अधिक जळतो, हे इंग्लंडच्या बाबतीत जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली लिहून ठेवले होते. पाण्याची गोष्ट त्याहून निराळी नाही. वाटपाचा नियम नसेल तेथे काटकसरीचे तंत्र हे विस्ताराचे तंत्र ठरते.

या विस्ताराचे सर्वांत ठळक चित्र म्हणजे प्लास्टिक अंथरलेले शेततळे. शेततळ्याची कल्पना पावसाचे वाहून जाणारे पाणी अडवण्याची. प्रत्यक्षात अनेक बागाईत गावांत ही तळी पावसाळ्यात आणि हिवाळ्यात विहिरी-बोअर उपसून भरली जातात. जे पाणी जमिनीच्या पोटात सर्वांचे होते ते वर येऊन कागदाच्या तळ्यात एकाचे होते. आणि ते तेथे तरी पुरते राहते काय? ३० मीटर लांब आणि तितक्याच रुंद तळ्याच्या पृष्ठभागावरून उन्हाळ्यात दिवसाला १० मिलिमीटर पाणी उडाले, तर ९,००० लिटर हवेत जाते. मघाच्या हिशेबाने ते ९० झाडांचे पाणी. तोटीतून थेंब थेंब मोजायचा आणि शेजारी तळ्यातून हजारो लिटर सूर्याला अर्पण करायचे, असा हा कारभार आहे. आणि दोन्हींना अनुदान एकाच सरकारचे.

२०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात जे घडले ते विसरण्याजोगे नाही. पंधरा-पंधरा, वीस-वीस वर्षे जोपासलेल्या मोसंबीच्या बागा वाळून गेल्या. काहींनी टँकर विकत घेऊन झाडे जगवण्याची धडपड केली. पुष्कळांनी शेवटी झाडे तोडली आणि मोसंबीचे खोड जळणाच्या भावाने गेले. त्यांतल्या पुष्कळ बागांत ठिबक होते. नळ्या होत्या, गाळण्या होत्या, नळ्यांत सोडायला पाणी नव्हते. फळबाग ही हंगामी पिकासारखी नव्हे. बाजरी गेली तर एक वर्ष जाते. बाग गेली तर पंधरा वर्षे जातात आणि कर्ज राहते.

अनुदानाची रचना पाहिली म्हणजे हा प्रकार कसा पोसला जातो ते ध्यानात येते. केंद्राच्या 'प्रति थेंब अधिक पीक' योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकाला ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान ठरले, राज्याने त्यावर आपली भर घातली. कागदावर लहान शेतकऱ्याला झुकते माप आहे. पण अर्जासोबत सातबारा हवा आणि शेतात पाण्याचे साधन हवे. म्हणजे ज्याच्याकडे पाणी आहे त्यालाच पाणी वाचवण्याचे पैसे. कोरडवाहूला, बटाईने कसणाऱ्याला, नवऱ्याच्या नावच्या जमिनीत राबणाऱ्या बाईला आणि भूमिहीनाला या योजनेत दार नाही. त्यातही पूर्ण रक्कम आधी भरा, अनुदान मागाहून खात्यात जमा होईल, ही रीत असली की ज्याच्या गाठीशी पैसा आहे तोच पुढे जातो. आणि इतका सार्वजनिक पैसा खर्च करताना सरकार त्या शेतकऱ्याला एकही प्रश्न विचारीत नाही, की बाबा रे, तू वर्षाला उपसणार किती?

हा प्रश्न विचारण्याचे धाडस महाराष्ट्रात झालेच नाही असे नव्हे. १९७२ च्या दुष्काळाने हादरलेले विलासराव साळुंखे हे पुण्यातील अभियंता-कारखानदार पुरंदर तालुक्यातील नायगावला गेले. देवस्थानची ४० एकर माळजमीन त्यांनी दीर्घ मुदतीने घेतली, बांधबंदिस्ती केली, पाझर तलाव केला, आणि पाणी आल्यावर ते कोणाला द्यायचे या प्रश्नाला सरळ हात घातला. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम आज अर्धशतकानंतरही पुन्हा पुन्हा वाचण्यासारखे आहेत. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर घरातील माणसांच्या प्रमाणात द्यायचे; माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, आणि एका कुटुंबाला अडीच एकरांहून अधिक नाही. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही. जमीन विकली तर पाणी तिच्याबरोबर जात नाही, ते पंचायतीकडे परत येते. उसासारखी पाणीखाऊ पिके घ्यायची नाहीत. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. आणि योजनेच्या खर्चाचा २० टक्के हिस्सा लाभधारकांनी स्वतः उचलायचा. यातले एकेक कलम म्हणजे १८८२ पासून चालत आलेल्या कायद्याला दिलेले आव्हान होते. कारण ईझमेंट कायद्याच्या छायेत विहिरीतले पाणी जमीनमालकाचे मानले गेले आहे.

याच सुमारास, १९७९ साली, वि. म. दांडेकर, देऊसकर आणि दत्ता देशमुख यांच्या समितीने धरणांचे पाणी बारमाही पिकांना न देता आठमाही द्यावे आणि ते अधिक शेतकऱ्यांपर्यंत पोचवावे, असे सुचवले. एक अर्थशास्त्रज्ञ, एक सिंचनतज्ज्ञ आणि एक लाल निशाणवाला एकत्र बसून एकमताने काही लिहितात ही गोष्ट महाराष्ट्रात वारंवार घडत नाही. ऊसवाल्यांच्या राजकारणाने त्या शिफारशीचे काय केले हे साऱ्यांना ठाऊक आहे. पुढे २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात बारमाही पिकांना ठराविक भागांत ठिबक बंधनकारक करण्याची तरतूद झाली, २०१७ साली उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा मंत्रिमंडळाचा निर्णयही झाला. आठमाहीचा प्रश्न होता पाणी कोणाला. ठिबकसक्तीचा प्रश्न आहे पाणी कसे. दुसऱ्या प्रश्नाच्या आडोशाने पहिला गुंडाळून ठेवण्यात आला.

तो प्रश्न पुन्हा उघडला दुष्काळी भागातल्या माणसांनी. १९९३ पासून आटपाडीत नागनाथअण्णा नायकवडी आणि त्यांचे सहकारी यांनी पाणी परिषदा भरवल्या. शेतकरी, शेतमजूर, गणपतराव देशमुखांसारखे सांगोल्याचे लोकप्रतिनिधी, श्रमिक मुक्ती दलाचे कार्यकर्ते असे सारे त्यात होते. मागणी केवळ कृष्णेचे पाणी आणा एवढी नव्हती. आलेले पाणी समन्यायाने वाटा, भूमिहीनासकट प्रत्येक कुटुंबाला द्या, अशी होती. उघड्या कालव्याऐवजी बंद नळीने पाणी न्यावे हा आग्रह त्यातूनच पुढे आला. कारण नळीतले पाणी मोजता येते, आणि मोजता येते तेच वाटता येते. ठिबकाला तेथे खरे स्थान मिळते. कुटुंबाचा पाण्याचा वाटा ठरला, तो मोजून दिला, की मग ठिबकाने वाचवलेले पाणी त्या कुटुंबाचे. त्यातून त्याने आणखी अर्धा एकर भिजवावी, किंवा बांधापलीकडच्याला द्यावी. शेजाऱ्याची विहीर त्याने आटत नाही. वाटा ठरल्यावाचून ठिबक आणले तर बळकटाच्या हाती आणखी एक अवजार येते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. लहान शेतकऱ्याने घाम गाळून, बायकोचे डाग मोडून विहीर खणली; तिच्यावर गावाने हक्क सांगणे हा अन्याय नव्हे काय? विहीर त्याची आहे यात शंका नाही. खोदाईचा खर्च, मोटर, वायर, नळ्या सारे त्याचे. पण विहिरीला लागणारा झरा चार शिवारांवर पडलेल्या पावसाचा असतो, आणि सामाईक साठा मोकाट राहिला तर सर्वांत आधी कोरडी पडते ती याच लहान शेतकऱ्याची ४० फुटी विहीर. शेजारचा ६०० फुटांवर जाऊ शकतो, हा जाऊ शकत नाही. २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटरपलीकडच्या खोल विहिरींना आवर घालण्याचे योजले आहे. गावाच्या शिवारात बोअरची गाडी उभी राहते तेव्हा मात्र तिला हा कायदा ठाऊक असल्याचे दिसत नाही. म्हणून पाण्याच्या वाटपाचा नियम हा लहान शेतकऱ्याविरुद्धचा नियम नसून त्याचे एकमेव संरक्षण आहे. ही गोष्ट त्याला पटवून देणे अवघड असले तरी ते काम कार्यकर्त्याचेच आहे. कृषी सहायक ते करणार नाही आणि दुकानदार तर नाहीच.

झाडाची निवडही या वादातून सुटत नाही. बोर उन्हाळ्यात पाने गाळून झोपी जाते. सीताफळाचीही पानगळ होते. ही माळाची झाडे विहीर आटण्याच्या काळात पाणी मागतच नाहीत. त्यांना बाजारात डाळिंबाचा भाव नाही हे खरे. परंतु प्रक्रिया, साठवण आणि सहकारी विक्री यांकडे द्राक्षाच्या तुलनेत किती पैसा वळवला गेला, हेही विचारले पाहिजे. एकाच झाडावर सारा तालुका उभा करण्याचे परिणाम सांगोल्याने तेल्याच्या आणि पुढे खोडकिडीच्या रूपाने भोगले आहेत.

हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घेण्यास बंदी केली आहे आणि ऊस-केळी वर्ज्य केली आहेत. तेथे दरवर्षी पावसाळ्यानंतर गावाचे पाणी मोजतात, माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी आधी बाजूला काढतात आणि उरेल त्यावर पिके ठरवतात. फळबागांच्या गावांना हीच रीत बहारापर्यंत न्यावी लागेल. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबरात मोजते. आंबे बहारासाठी पाणी तोडण्याची वेळ त्यानंतर, डिसेंबरच्या सुमारास येते. या दोन्हींच्या मधल्या दिवसांत ग्रामसभा बोलावता येते. यंदा पाणी किती, पिण्याला किती, कोणी किती झाडांवर कोणता बहार धरायचा आणि कोणी झाडे नुसती जगवायची, कोणाचे शेततळे विहिरीवरून भरू द्यायचे नाही, हे तेथे नावानिशी ठरवता येते. फुलोरा आल्यावर ही चर्चा काढण्यात अर्थ नसतो. फुललेले झाड वाळू दे, असे कोणी कोणाला सांगू शकत नाही.